नावात बदल

फेरीबोटीला माणसाचं तिकीट नसतं.
पहिल्या रात्री मी सुटे पैसे मुठीत धरून उभी,
रायबंदरच्या धक्क्यावर,
आणि दोरखंड सोडणारा गुणो म्हणाला,
"बाये, मनशाक पयशे नात. पेटी सांबाळ."

पेटीत चार साड्या,
पुठ्ठा निघालेला शुद्धलेखनाचा कोश,
आणि मिरजेच्या घराच्या मागच्या दाराची किल्ली.
ती कुणी परत मागितली नव्हती.

आज वर्ष झालं.

पणजीत एका दैनिकाच्या तळमजल्यावर
मी रात्रपाळीला मुद्रितं वाचते :
श्रद्धांजल्या, जत्रांचे कार्यक्रम
आणि सगळ्यांत जास्त, 'नावात बदल'.
केवढी माणसं नाव बदलतात!
कुणी बापाचं नाव वाढवतं, कुणी एक काना गाळतं,
वास्कोचा फ्रांसिस्कु कागदोपत्री फ्रान्सिस होतो,
आणि मी लाल पेनानं एकेकाला
नव्या नावात नीट पोचवते.

चोडणात खोली मिळाली ती कारिदादची.
जूनमध्ये तीन दिवस मी दार उघडलं नाही
तेव्हा तिनं शिंपल्यांच्या तावदानावर नाणं वाजवलं,
पायरीवर पेज ठेवली, वर सुक्या गालम्याची किसमूर.
मी आरवाड्यांची लेक, जैन,
कांदासुद्धा चोरून खाल्लेला.
पेज मी प्यायले, किसमूर मांजराला.
भांडं घासून दिलं तर म्हणते, "रुचलें मगे?"
रुचलं, म्हटलं.
मांजराच्या वतीनं ते खरंच होतं.

पोदेर धारवाडकडचा, मौलाली,
कोंकणी माझ्याहून कितीतरी बरी.
पहाटे त्याचा भोंगा माझ्या झोपेवरून जायचा.
एकदाच म्हटलं होतं, रात्रपाळी असते हो.
तेव्हापासून माझ्या फाटकापाशी तो
भोंग्यावरचा हात काढतो,
सायकल ढकलत नेतो,
दोन उंडे पिशवीत अडकवून
शेजारच्या वळणावर पुन्हा पों पों.
ती मधली वीस पावलं शांतता,
तिचं बिल तो लावत नाही.

एप्रिलमध्ये माझीही जाहिरात होती, तीन ओळींची.
तेवीस वर्षांनी माहेरचं आडनाव
जुना चष्मा चढवावा तसं चढवलं.
नंबर बदललेला, पण दांड्या कानांना ओळखत होत्या.
मी तीनदा वाचलं.
छापून आलं : इंदूमती.
'दु'चा 'दू'.
मुद्रितशोधकाच्या स्वतःच्या नावात!
केणींनी कपाळाला हात लावला, म्हणाले, उद्या दुरुस्ती टाकू.
मी म्हटलं, राहू दे.
पन्नाशीनंतर माणसातलं एखादं अक्षर
दीर्घ झालं,
तर होऊ द्यावं.

इथं आभार मानत नाहीत,
"देव बरें करूं" म्हणतात.
खोड अशी, की माझं लक्ष आधी क्रियापदाकडे.
आभार झालेल्या गोष्टीचे असतात.
हे अजून व्हायच्या गोष्टीचं आहे,
आणि करणारा मी नाही, तूही नाहीस.
देव आहे की नाही ते मला ठाऊक नाही,
पण वाक्य बिनचूक आहे.

आत्ता बोटीवर फोन वाजला. मिरज.
"मागच्या दाराची किल्ली तुझ्याकडे आहे का?"
वर्षानं आठवली!
आहे, म्हटलं, पण वाकलीय.
सोलांच्या डब्याचं झाकण मी तिनंच उचकटते.
तो थोडं थांबून हसला,
लग्नाच्या आधी हसायचा तसा,
म्हणाला, असू दे, मी कुलूपच बदलतो.
मी म्हटलं, देव बरें करूं.
"काय?"
काही नाही. इथं असं म्हणतात.

बोट धक्क्याला लागली.
मोटारसायकली आधी सुटल्या, मग माणसं.
गुणोनं आज पेटी कुठंय विचारलं नाही,
नुसतं मान हलवून
दोरखंड खुंटाला दोनदा गुंडाळला.